वर्गात प्रश्न हवे असतील तर 'काही शंका?' विचारणं थांबवा

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या सहावी-सातवीला विज्ञान शिकवतात. त्या लिहितात, "धडा संपला की मी नेमाने विचारते, 'काही शंका?' सगळा वर्ग माझ्याकडे नुसता बघत राहतो. एक हात वर येत नाही. व्हिडिओ दाखवून झाले, प्रश्नपेटी ठेवून झाली, बक्षीस लावून झालं. आणि खरं सांगू का, अलीकडे मलाही कशाबद्दल काही विचारावंसं वाटत नाही. पूर्वी मी अशी नव्हते. यावर काही उपाय आहे का?"

आहे. पण सगळ्यात आधी ते 'काही शंका?' बंद करा.

त्या दोन शब्दांचा अर्थ मुलांना पाठ असतो: धडा संपला, आता वह्या काढा. त्या क्षणी हात वर करणारं मूल एकाच वेळी दोन गोष्टी अंगावर घेतं. मला कळलं नाही हे चारचौघांत कबूल करतं, आणि मधल्या सुट्टीतली पाच मिनिटं खाल्ली म्हणून सगळ्या वर्गाच्या शिव्याही खातं. बारा वर्षांचं पोर इतकं खुळं नसतं. शिवाय आपला चेहरा त्या वेळी 'आता कुणी काही विचारू नका रे बाबांनो' असंच म्हणत असतो. पोर्शन राहिलेला असतो, हे मुलांनाही दिसतं.

मुलांना प्रश्न पडतच नाहीत, हे मात्र मला पटत नाही. शाळा सुटल्यावर त्यांच्या मागोमाग गावात चालत जा. बोअर मारायला आलेल्या गाडीवाल्याला, जेसीबीवाल्याला, म्हशीला सुई टोचायला आलेल्या डॉक्टरला ती किती भंडावून सोडतात ते ऐका. लंडनमध्ये बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी चारेक वर्षांच्या मुलींचं बोलणं घरी आणि बालवाडीत अशा दोन्ही ठिकाणी टेप केलं होतं. १९८४ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. घरी आईजवळ या मुली तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत होत्या. त्याच मुली बालवाडीत बाईंना मोजके प्रश्न विचारत. घर कामगाराचं असलं तरी तिथल्या गप्पा भरघोस होत्या. मुली त्याच होत्या, जागा बदलल्याबरोबर तोंड मिटलं.

जागेचा हा फरक नीट बघितला पाहिजे. घरी प्रश्न टाकला की काहीतरी घडतं. आई उत्तर देते, चिडते, 'जा बघून ये' म्हणते, नाहीतर उलट विचारते. वर्गात प्रश्न टाकला की तो हवेत विरतो. फार तर 'छान प्रश्न आहे, पुढच्या वर्षी येईल तुम्हाला' असं ऐकायला मिळतं. माझ्या अनुभवात सगळं घोडं इथेच अडतं. प्रश्नाचं पुढे काहीतरी होतं असं दिसलं, की मुलं तो विचारतात. त्यांना कुतूहल शिकवावं लागत नाही. त्यांच्या प्रश्नांना पत्ता द्यावा लागतो.

पत्ता हा शब्द मी अगदी पोस्टाच्या अर्थाने वापरतोय. जयंत नारळीकरांपुढे मुलं सहीसाठी वही धरायची, तेव्हा ते सांगायचे, सही मिळणार नाही. विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली सही असेलच. खगोलशास्त्रातला एवढा मोठा माणूस आपल्या कार्डाला उत्तर देतो म्हटल्यावर पोरं प्रश्न शोधायला लागत. त्याहून मोठ्या प्रमाणावर हे मध्य प्रदेशात झालं. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांमध्ये सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांतून शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा असे, आणि प्रात्यक्षिकही असे. या कार्यक्रमात एक सवालीराम होता. मुलांनी त्याला पत्र लिहून काहीही विचारावं, सवालीराम उत्तर पाठवणार. सवालीराम नावाचा माणूस प्रत्यक्षात नव्हताच. कार्यक्रमातली मंडळी मिळून उत्तरं लिहीत. २००२ साली तिथल्या सरकारने कार्यक्रम गुंडाळला, तरी सवालीरामाच्या नावाने आलेली पत्रं वाचली की खेड्यातलं पोर काय काय विचारू शकतं ते कळतं.

तुमची प्रश्नपेटी का चालली नसावी, हेही यातून लक्षात येईल. पेटीत टाकलेली चिठ्ठी कुणाला दिसत नाही. उघडायची कधी हे ठरलेलं नसतं, किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये असते, आणि पहिल्या दोन आठवड्यांनंतर तिच्यावर खडूची धूळ बसते. मी पेटीऐवजी दोरी बांधायला सांगतो. वर्गाच्या मागच्या भिंतीला या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत सुतळी, तिच्यावर कपड्यांचे चिमटे, आणि पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या. जाता-येता सगळे वाचतात. 'हा काय प्रश्न झाला का' म्हणत पोरं त्यावर भांडतात, ते तर फारच चांगलं. शनिवारी दप्तर बाजूला ठेवून उपक्रम घ्यायचा 'आनंददायी शनिवार' आता आहेच; दर शनिवारी त्यातल्या दोन चिठ्ठ्या काढायच्या आणि त्यांचं काहीतरी करायचं. दोनच, पण चुकवायचं नाही. एखाद्या शनिवारी तुम्ही रजेवर असाल तर दुसऱ्या सरांना सांगून जा. पेटी मात्र एका कामासाठी जरूर ठेवा. पाळीबद्दल, वयात येण्याबद्दल मुला-मुलींना जे विचारायचं असतं त्यासाठी ती हवी, कुलूप लावलेली आणि बिननावाची. त्या चिठ्ठ्यांसाठी महिन्यातून एकदा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना बोलवा.

आता प्रश्न उगवतो कसा, ते एका तासात बघू. प्रयोग तुम्ही केलेला असणार. थाळीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घालायचा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. कित्येक पुस्तकांत आणि गाईडांत याचं उत्तर ठरलेलं असतं: जळताना ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. आपण प्रयोग दाखवतो, उत्तर सांगतो, मुलं लिहून घेतात. पंधरा मिनिटांत काम तमाम.

हाच प्रयोग उत्तर न सांगता दोनदा करा. पहिल्यांदा नुसता. दुसऱ्यांदा आधी सांगा, "पाणी नेमकं कधी चढतं, तेवढंच बघायचं." ओढणी आणि केस मागे बांधायला लावा, आणि मुलांना थाळीभोवती इतकं जवळ येऊ द्या की डोकी डोक्यांना लागतील. ज्योत लहान होत जाते, पाणी जवळजवळ जागचं हलत नाही. ज्योत विझते, धुराची एक बारीक रेघ वर जाते आणि मग पाणी झपकन वर येतं. माझ्यासमोर हा प्रयोग झाला तेव्हा एक मुलगी शेजारणीला हळूच म्हणाली, "पण ऑक्सिजन तर जळताना संपत हुता ना? मग पाणी तवाच का नाय चढलं?" तिने ते मला विचारलं नव्हतं. मी तिला तेच मोठ्याने म्हणायला लावलं आणि गप्प बसलो.

पुढचा अर्धा तास मला फारसं बोलावंच लागलं नाही. कुणीतरी म्हणालं, तीन मेणबत्त्या लावून बघू. ग्लास तोच, म्हणजे आतला ऑक्सिजनही तेवढाच. पुस्तकातलं खरं असेल तर पाणी तेवढंच चढायला हवं. तीन मेणबत्त्यांना पाणी स्पष्ट जास्त चढलं. मग एकाने ग्लासाच्या कडेशी बुडबुडे निघताना पाहिले. हवा बाहेर जातेय! तिथून गाडी रुळावर आली. ज्योतीने आतली हवा तापून पसरते आणि काही बाहेर निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन वापरला जातो हे खरं आहे, पण तो संपत नाही. हवेत तो साधारण २१ टक्के असतो आणि १६ टक्क्यांच्या आसपास आला की मेणबत्ती विझते. जेवढा वापरला जातो त्याच्या दोन तृतीयांश आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो लगेच पाण्यात विरघळत नाही. वाफ तेवढी गार होऊन पाणी होते. म्हणजे ऑक्सिजनच्या खात्यावर शंभरातले जेमतेम दोन भाग जातात. बाकी सगळा खेळ गरम-गार हवेचा.

हे सविस्तर सांगण्याचं कारण असं. त्या मुलीला पुस्तकातली चूक काढायची नव्हती. तिला फक्त दोन गोष्टींचा मेळ लागत नव्हता: जे सांगितलं ते आणि जे दिसलं ते. कुतूहल इथेच असतं, या न लागलेल्या मेळात. 'तुमच्या मनात प्रश्न आणा' असं सांगून ते येत नाही. आधी दिसायला काहीतरी हवं, आणि आपण घाईघाईने त्यावर उत्तराचं झाकण ठेवायला नको. विज्ञान प्रदर्शनातला बेकिंग सोड्याचा ज्वालामुखी मला म्हणूनच आवडत नाही. पोरगं घडाघडा माहिती सांगतं, परीक्षक माना डोलावतात, आणि कुणालाच काही विचारण्यासारखं उरत नाही.

उत्तराची घाई आपल्याला केवढी असते, ते मोजलं गेलेलं आहे. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञानशिक्षण संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंद थांबत, आणि लगेच स्वतः बोलत किंवा दुसऱ्याला उठवत. हेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं की मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' म्हणणं कमी झालं आणि मुलं स्वतःहून जास्त प्रश्न विचारू लागली. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. वर्गात उभं राहून करून बघा, जीव कासावीस होतो. मी खिशात खडू चाळवत मनात आकडे मोजतो. मुलाचं बोलून झाल्यावरही तेवढंच थांबायचं. बऱ्याचदा खरी गोष्ट त्या दुसऱ्या थांब्यात बाहेर येते.

काही वर्गांना मात्र प्रश्न तयार करायची सवयच नसते. तिथे एक पद्धत चांगली चालते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावी डॅन रॉथस्टीन आणि लूझ सँटाना मुलांची शाळागळती थांबवण्याचं काम करत होते. पालक शाळेच्या बैठकीला येत नाहीत, ही तक्रार. पालकांना विचारलं तर ते म्हणाले, येऊन विचारायचं काय तेच कळत नाही. त्यातून या दोघांनी प्रश्न घडवायची रीत बसवली, ती पुढे वर्गातही आली. मुलांचे गट करायचे, समोर प्रश्न न ठेवता एखादं वाक्य किंवा वस्तू ठेवायची, उदाहरणार्थ 'चिंचेची पानं संध्याकाळी मिटतात'. मग पाच-सात मिनिटं सुचतील तेवढे प्रश्न. मध्ये कुणी उत्तर द्यायचं नाही, हसायचं नाही, चांगला-वाईट ठरवायचं नाही. साधं विधान आलं तर त्याचा प्रश्न करायचा. आणि प्रश्न जसा बोलला गेला तसाच्या तसा लिहायचा. शेवटी प्रत्येक गटाने आपल्यातले तीन निवडायचे आणि हेच का, ते सांगायचं.

'जसा बोलला तसा' हा नियम आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. आपण प्रश्न ऐकता ऐकता तो शुद्ध करून घेतो, आणि मूल पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. एका शाळेत चिठ्ठी आली होती: 'विंचवाचं इख उतारतं म्हंजी जातं कुटं?' मी तिथल्या सरांना सांगितलं, यातला काना-मात्राही बदलू नका, तसंच फळ्यावर लिहा. याहून चांगला प्रश्न सातवीच्या वर्गात येणं कठीण. विष म्हणजे काय, ते अंगात कुठे जातं, 'उतरतं' म्हणजे मंत्राने उतरतं की आपोआप, सगळं त्यात आहे.

आणि हा प्रश्न आपल्याच मातीत एका माणसाने किती लांब नेला, ते मुलांना जरूर सांगा. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून रुजू झाले. कोकणात तांबड्या विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं आणि लेकरं मरत होती. त्या वेळी ठरलेले उपचार होते, ते दिले तरी मरत होती. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, गार पडलेले हात-पाय, तोंडाला येणारा फेस, सगळं तासातासाला टिपत गेले. माणूस नेमका कशाने मरतो, हा त्यांचा प्रश्न होता. टिपणांतून उलगडलं की विषाने शरीरातच अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचं उधाण येतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. मग या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं औषध त्यांनी वापरलं. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं, ते एक टक्क्याच्या घरात आलं. हे काम 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे महाडला ते रुग्णसेवा करत राहिले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांना पद्मश्रीचं फार कौतुक सांगू नका. तासातासाला काय टिपलं ते सांगा. तेवढं त्यांना स्वतःला करता येतं.

'का' ने सुरू होणारे प्रश्न फळ्यावर आले की शिक्षक घाबरतात, कारण आपल्याला उत्तर येत नसतं. इथे थोडी कारागिरी लागते. मोठा 'का' फोडून त्यातून हाताने करता येईल असा 'काय झालं तर' काढायचा. 'पणतीची वात पटकन जळून का जात नाही?' याला उत्तर द्यायला बसू नका. वात तेलात पूर्ण बुडवली तर? तेल संपत आलं की वातीचं काय होतं? तेलाशिवाय नुसती वात पेटवली तर किती वेळ टिकते? तीन पणत्या, एक काडेपेटी आणि अर्धा तास. कोरडी वात भुर्रकन जळून गेली की मुलंच म्हणतात, मग जळतंय ते तेल! 'मला माहीत नाही' हे म्हणायला अजिबात हरकत नाही, फक्त ते म्हणून थांबायचं नाही. 'मला माहीत नाही, आपण असं करून बघू' किंवा 'मी अमक्यांना विचारून शनिवारी सांगते' असं म्हणा, आणि शनिवारी खरंच सांगा.

आता पत्रातलं शेवटचं वाक्य. मलाही काही विचारावंसं वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंत. मला तर हाच खरा प्रश्न वाटला, मुलांचा नंतरचा. शिक्षक आळशी होतो म्हणून हे होत नाही. दिवसभर आपण रकाने भरतो. सरल आणि यूडायस या सरकारी संगणक प्रणालींत भरायची शाळेची माहिती, पोषण आहाराचा तांदूळ, निवडणुकीचं काम. रकान्यात प्रश्न मावत नाही, उत्तरच मावतं. त्यातून वीस-बावीस धडे दरवर्षी तेच. मग डोळ्यांना सवय होते आणि डोळे बघायचं सोडून देतात.

त्यावर पुस्तकं वाचा, कोर्स करा असं मी सांगणार नाही. रोजच्या वाटेवरची एक बदलणारी गोष्ट धरा, एकच, आणि तिच्या मागे महिनाभर लागा. ती चिंच घ्या. पानं संध्याकाळी मिटतात हे लहानपणापासून माहीत असतं. किती वाजता मिटतात? पावसाळ्यात दुपारीच अंधारून आलं तर मिटतात का? एका फांदीवर भर दुपारी काळी पिशवी बांधली तर? सगळ्या पानजोड्या एकदम मिटतात की शेंड्याकडून सुरुवात होते? यातल्या एकाचंही उत्तर फोनवर बघायच्या आधी आपला अंदाज वहीत लिहा. फोन वाईट नाही. पण अंदाज न बांधता मिळालेलं उत्तर संध्याकाळपर्यंतही डोक्यात राहत नाही. स्वतःचा अंदाज चुकला की मात्र ते पक्कं बसतं, आणि चुकण्यात मजा येते हे बऱ्याच वर्षांनी पुन्हा आठवतं.

किंवा संकष्टी घ्या. घरोघरी चंद्रोदयाची वेळ बघून उपास सोडतात. कॅलेंडरमध्ये गावोगावच्या वेळा दिलेल्या असतात. मुंबईच्या तुलनेत नागपुरात चंद्र साधारण २५ मिनिटं आधी का उगवतो? दोन्ही शहरांत सहा रेखांशांहून थोडं जास्त अंतर आहे, आणि एका रेखांशाला चार मिनिटं. हिशेब जमतो का बघा. मग पुढचा प्रश्न: दर महिन्याची चतुर्थीच, तरी चंद्रोदय कधी साडेआठच्या सुमारास आणि कधी साडेनऊच्या पुढे, असं का? हा सोपा नाही. वर्षभराच्या वेळा एका कागदावर मांडून वर्गात लावा आणि कुणाला काय दिसतं ते विचारा. नागपूरकडे कुणाची मावशी असेल तर त्या रात्री फोन करून 'दिसला का गं?' विचारायचं काम पोरं आनंदाने करतात. उपास करणाऱ्या आजीला यात पहिल्यांदा सामील करा. चंद्र कधी कुठून वर येतो, हे घरात तिच्याइतकं कुणी बघितलेलं नसतं.

प्रश्न घरी पोचले की कधी कधी वादही होतात. ग्रहणात शिजलेलं अन्न खराब होतं का, ही चिठ्ठी येणारच. 'ते सगळं खोटं' असं वर्गात सांगून मोकळं होणं सोपं आहे, पण मग मुलाला तुम्ही आणि आजोबा यांतून एक निवडावं लागतं, आणि संध्याकाळी जेवायला ते आजोबांच्याच पंगतीला असतं. त्यापेक्षा तपासायचं कसं ते मुलांना ठरवू द्या. एकाच पातेल्यातला भात दोन झाकलेल्या वाट्यांत, एक ग्रहणात उघड्यावर, एक घरात. दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ, त्याच जागी, पण ग्रहण नसताना पुन्हा. वास, चिकटपणा, बुरशी यांच्या नोंदी. भात खायचा नाही, तो प्रयोगाचा. एका मुलाने अशा वेळी विचारलं होतं, "दुसऱ्या दिवशी ऊन जास्त असलं तर?" त्याला प्रयोग म्हणजे काय ते कळलं होतं. मग निकाल काय लागला हे मी घरी सांगायला लावत नाही, मुलं आपणहून सांगतात.

वेळेचं काय, हे तुम्ही विचारणारच. ३५ मिनिटांची तासिका, मोठा पट, घटक चाचणी तोंडावर. रोज हे करायचं नाही. आठवड्याला शनिवारच्या दोन चिठ्ठ्या, महिन्याला मेणबत्तीसारखा एक प्रयोग, आणि बाकीच्या दिवशी तेवढे तीन सेकंद. ज्या मुलांना प्रश्न पुढे न्यायचा आहे त्यांच्यासाठी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद आहे. १९९३पासून ती भरते, १० ते १७ वयाची मुलं आपल्या गावातला प्रश्न घेऊन त्यावर प्रकल्प करतात. गावातल्या कुठल्या विहिरीचं पाणी कधी आटतं, एवढा विषयही तिथे पुरतो. जिल्ह्याच्या पुढे गेलं नाही तरी बिघडत नाही, नोंदी करायची सवय लागते.

गुणांचा मुद्दा त्याहून खरा आहे. ज्याला गुण नाहीत ते मुलं आणि पालक दोघेही सोडून देतात, आणि त्यांचं चुकत नाही. आपल्या हातात आकारिक मूल्यमापन आहे, म्हणजे लेखी परीक्षेपलीकडे सत्रभर चालणारं मूल्यमापन. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प या साधनांना तिथे जागा आहे, आणि वर्णनात्मक नोंदीही आपण लिहितोच. 'विज्ञानात रुची घेतो' हे वाक्य चाळीस मुलांसमोर चाळीसदा लिहिण्यापेक्षा त्या मुलाने सत्रात विचारलेला एक प्रश्न तारखेसह तिथे लिहा, त्याच्याच भाषेत, आणि तो तपासायला त्याने काय केलं ते एका ओळीत. प्रश्न विचारल्याचा गुण द्या, बरोबर उत्तराची अट घालू नका. तपासणीला आलेल्या केंद्रप्रमुखांनी 'हे काय?' म्हटलं तर दोरीवरच्या चिठ्ठ्या दाखवा आणि विंचवाच्या विषाची चिठ्ठी त्यांच्या हातात द्या. बहुतेक जण ती वाचून खुर्ची ओढून बसतात, आणि मग तेच विचारतात, "खरंच, जातं कुठे ते?"